घेतलेले पुढे द्यावे

भाविकहो, आषाढी वारीत पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या माउलीचे नावही आपणांस ठाऊक नसते. दिंडी पुढे सरकते, ती माउली मागे राहते. तिचे ऋण फेडावयाचे कसे? तिच्या दारी पुन्हा जाणे बहुधा घडत नाही. म्हणून ते पुढच्या तहानलेल्याच्या ओंजळीत फेडावयाचे.

संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर हेच केले. फुटके गाडगे व खराटा एवढाच त्यांचा संसार. गावात शिरताच ते आधी रस्ते झाडीत, मगच भाकरी स्वीकारीत. लोकांनी श्रद्धेने दिलेल्या द्रव्यातील काहीही त्यांनी स्वतःसाठी राखले नाही. त्यातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी होती, कारण त्यांना अन्यत्र थारा नव्हता. विठ्ठलाच्या दारीही असे घडावे, हे लिहिताना लाज वाटते! तीच वास्तू महाराजांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस शिक्षणकार्यासाठी देऊन टाकली. निवाऱ्यासाठी मिळालेले दान असे विद्येच्या वाटेने पुढे गेले.

दानपेटीत आपण यथाशक्ती अर्पण करताच. त्यासोबत दर्शनबारीतील वृद्ध मातेची पिशवी क्षणभर धरावी. भक्तनिवासातील खोली सोडताना केर काढावा, माठ भरून ठेवावा. सायंकाळी थकून येणारा यात्रेकरू आपणांस ओळखणार नाही. त्याला गार पाणी तेवढे मिळेल.