जखमेनें दिलेलें नांव

ज्याच्यावर मोठें दुःख कोसळलें त्यानें तें विसरावें कीं बोलून दाखवावें, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत वारंवार निघतो. आम्हांस वाटतें कीं, ह्याच्याही आधीं एक प्रश्न आहे. त्या मनुष्याची ओळख कशावरून व्हावी, जखमेवरून कीं कार्यावरून?

डहाणू व तलासरी येथील वाचकांस कोसबाडची टेकडी ठाऊकच आहे. अनुताई वाघ ह्यांचा जन्म १९१० सालीं झाला. तेराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें आणि कांहीं महिन्यांतच त्यांस वैधव्य आलें. बालविधवा हें नांव त्यांस जखमेनें दिलें. परंतु त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, १९४५ सालीं ताराबाई मोडक ह्यांच्या समवेत बोर्डीस आल्या व १९५७ सालापासून कोसबाडास राहिल्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनें मुलांकडे जावें, असें ह्या दोघींचें मत. म्हणून पाड्यांतील अंगणांत बालवाडी भरली व गुराख्यांकरितां कुरणशाळा निघाली. कडेवर भावंड असलेली मुलगी शाळेस मुकते, हें पाहून पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारांत आणिलीं. १९९२ सालीं अनुताई वारल्या, तेव्हां लोकांच्या तोंडीं ‘ताई’ हेंच नांव होतें.

स्वात खोऱ्यांतील मलाला हिजवर मुलींच्या शिक्षणाविषयीं बोलल्यामुळें २०१२ सालीं गोळी झाडली गेली. बरी झाल्यावर ती तेंच बोलत राहिली. सतराव्या वर्षीं, २०१४ सालीं, तिला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्यावरून दुःख हितकारक असतें, असें मात्र कोणीं म्हणूं नये. योसेफाच्या हातून पुष्कळांचे प्राण वांचले, तरी भावांनीं त्यास खड्ड्यांत टाकलें हें दुष्कृत्यच होतें. बालविवाहही तसाच.

प्रचारक बंधूंस आमची एक विनंती आहे. दुःखांतून निघालेल्या मुलीस मंडळीपुढें उभी करून तिची हकीकत पुन्हां पुन्हां वदवूं नका. अनुताई व मलाला स्वतःच्या इच्छेनें कार्यास उभ्या राहिल्या. तो अधिकार प्रत्येकीचा आहे. याईराची बारा वर्षांची कन्या उठली, तेव्हां प्रभूनें गर्दी आधींच बाहेर घातली होती. ही गोष्ट कोणास कळूं देऊं नका, असें त्यानें निक्षून सांगितलें, आणि तिला खावयास द्यावयास लाविलें. आपल्या पाड्यांतील मुलीसही प्रथम भाकर, वही व कडेवरचें भावंड ठेवावयास जागा द्या. बोलावयाचें कीं नाहीं, तें ती पुढें ठरवील.