शिल्लक कोणाच्या नावावर?

काटकसर ही दारिद्र्याची सक्ती नसून गृहव्यवस्थेतील एक कला आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. आणि पुरणपोळीच्या दिवशी स्वयंपाकघरात डोकावणाऱ्या माणसाला ते पटल्यावाचून राहत नाही. हरभऱ्याची डाळ मऊ शिजली की ती चाळणीवर उपसतात, आणि खाली निथळलेले पातळ पाणी ओतून देण्याऐवजी त्यात थोडे पुरण कालवून, भाजलेले खोबरे, चिंचेचा कोळ आणि गोडा मसाला घालून, वर कढीलिंबाची खमंग फोडणी देऊन जी कटाची आमटी सिद्ध होते, ती भाताबरोबर ओरपताना पुरणाचा सारा घाट हिच्याकरिताच घातला असावा, असा संशय येतो. तुपाची कथा तर याहून लांबलचक आहे. सायीला विरजण लावावे, ते घुसळून लोणी काढावे, ताकाची कढी करावी, लोणी धुतलेल्या पाण्यात कणीक भिजवावी, तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर ठेवावी, आणि सर्वांत शेवटी त्या तुपकट पातेल्यातून कणकेचा गोळा फिरवून उरलासुरला ओशटपणाही पोळीत जमा करावा! दुधाचा कोणताही अंश मोरीपर्यंत पोचू नये याची इतकी सूक्ष्म तजवीज ज्या हातांनी केली, त्यांना कलावंताचे हात म्हणण्यास माझी मुळीच हरकत नाही.

हरकत आहे ती एवढ्याच गौरवावर थांबण्याला. या कलेची स्तुती बहुधा जेवणाऱ्यांनी केलेली आहे, आणि जेवणाऱ्याच्या दृष्टीला जमेची बाजू जितकी ठळक दिसते तितकी खर्चाची दिसत नाही. वाचलेल्या प्रत्येक पैशामागे कोणाचा तरी वेळ, कोणाची तरी कंबर आणि पुष्कळदा कोणाचा तरी घास खर्ची पडलेला असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली लोकांच्या दिनक्रमाची जी देशव्यापी पाहणी केली, तीत बिनमोबदल्याचे घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवते असे आढळले. असे काम करणारा पुरुष 97 मिनिटे घालवतो, आणि मुळात असे काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच. ताकापासून बेरीपर्यंतचा सारा प्रपंच त्या 299 मिनिटांत मोडतो. मात्र घरच्या ताळेबंदात या मिनिटांची बाब कोठेच येत नाही, आणि जी वस्तू खर्ची पडूनही खर्चात दाखवली जात नाही ती फुकट समजली जाते, हा सर्व दफ्तरांचा नियम घरालाही लागू पडतो.

घासाची गोष्ट अधिक गंभीर आहे. रात्रीची उरलेली पोळी सकाळी कुस्करून फोडणीला टाकली तर तो पदार्थ उत्तमच होतो. प्रश्न तो कोणाच्या ताटात पडतो हा आहे. सर्वांची पाने उठल्यावर जी जेवायला बसते तिच्या वाट्याला भाजीचा रस येतो, फोडी येत नाहीत. दूध कमी पडले की पहिला चहा तिचा कोरा होतो. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, तर त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि त्या सर्वांचे खापर काटकसरीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु शेवटी आणि उरलेले जेवण्याची शिस्त त्या कारणांत बसत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. घरातील एका माणसाच्या पोटातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातलेला पैसा हा बचत नव्हे, ते नुसते हस्तांतर झाले.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. साठ वॅटचा जुना दिवा काढून त्या जागी नऊ वॅटचा एलईडी बसवला, आणि तो रोज पाच तास जळत असला, तर महिन्याला साडेसात युनिटांच्या आसपास वीज वाचते. तीही कोणी पुन्हा बोट न उचलता. तरीही काटकसर म्हटली की आपल्याला दिवा बदलणे आठवत नाही, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवण्याची ताकीद आठवते. याचे कारण मला अधिकारक्षेत्रात सापडते. नवी वस्तू घेण्याची मंजुरी बहुतेक घरांत मिळवत्या माणसाकडे असते. सवयींचे खाते तेवढे गृहिणीच्या हवाली असते. खरेदीतून एकदाच होणारी बचत यास्तव वर्षानुवर्षे मंजुरीवाचून पडून राहते, आणि रोज श्रमाने करावी लागणारी बचत सद्गुण ठरते.

अशा स्थितीत गृहिणीने आपली स्वतंत्र शिल्लक तांदळाच्या डब्यात दडवली, तर त्याला लबाडी कोण म्हणेल? 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ही दडवलेली शिल्लक घरोघर उजेडात आली. कित्येकींना ती ज्याच्यापासून दडवली त्याच्याच हाती बँकेत भरायला द्यावी लागली. गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही असे सरकारने तेव्हा जाहीर केले होते. तरी दोन लाखांवर काही रक्कम भरणाऱ्या एका गृहिणीला ती बेहिशेबी ठरवल्यामुळे दाद मागावी लागली, आणि आग्र्याच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने 2021 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. बाईमाणसाला घरखर्चातून एवढी शिल्लक टाकता येते, हे सिद्ध करण्यासाठी वरच्या पायरीपर्यंत जावे लागावे, यातच त्या शिल्लकेचा आजवरचा दर्जा कळून येतो.

माझी सूचना साधी आहे. घरखर्चातून जे वाचेल ते, महिन्याच्या महिन्याला, जिच्या हातून वाचले तिच्या नावे उघडपणे जमा व्हावे; पोस्टातील आवर्ती ठेव दरमहा 100 रुपयांपासूनही सुरू होते. तिने ते सोन्यात घालावे, सहलीत उडवावे की मुळीच हात लावू नये, हा तिचा प्रश्न. नवराबायकोच्या नात्यात हिशेब कशाला, असा आक्षेप यावर निश्चित येईल. दुधाचा प्रत्येक खाडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपून ठेवणाऱ्या आणि महिनाअखेर गवळ्याशी त्यावरून हुज्जत घालणाऱ्या घराने तरी तो आक्षेप घेऊ नये.