रेणुकेचे विस्मरण

महाभारताच्या वनपर्वातील रेणुकेच्या कथेत परशुरामाने पित्याच्या आज्ञेवरून मातेचा शिरच्छेद केला, एवढा भाग सर्वांच्या ध्यानात राहतो. परंतु प्रसन्न झालेल्या जमदग्नीने वर मागावयास सांगितल्यावर त्या पुत्राने काय मागितले, याचा विचार क्वचितच होतो. माता पुन्हा जिवंत व्हावी, हे त्याने मागितले, आणि त्याला लागूनच आणखी एक मागणे केले, ते असे की, आपला वध झाला होता याची आठवण तिला राहू नये. जमदग्नीने दोन्ही दिले. रेणुका उठली, आश्रमात पूर्ववत वावरू लागली, आणि ज्याने आपल्या मानेवर परशू चालविला त्या पुत्राकडे पूर्वीच्याच वात्सल्याने पाहू लागली. तिचा अपराध तो कोणता? नदीवर गेली असता जलक्रीडेत मग्न असलेला राजा चित्ररथ तिच्या दृष्टीस पडला आणि क्षणभर तिचे मन विचलित झाले. मनातल्या त्या एका तरंगाबद्दल देहान्त शासन झाले, आणि ते झाले हेही तिला कळू नये अशी तजवीज झाली.

आम्हां येळ्ळूरकरांना ही कथा दूरची नाही. सौंदत्तीचा डोंगर आमच्याच बेळगाव जिल्ह्यात, आणि रेणुका ही आमची यल्लम्मा. मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की भंडाऱ्याने कपाळ माखलेली माणसे आमच्या वाटेने डोंगराकडे जातात, जोगूळबावीत स्नान करतात, उदोकार करीत वर चढतात. त्या पौर्णिमेस देवीच्या बांगड्या फुटतात, तिला वैधव्य येते, आणि पुढे ते फिटून ती पुन्हा सौभाग्यवती होते. वाळूची घागर करून आणि नागाची चुंबळ करून ती मलप्रभेचे पाणी आणीत असे, हे आमच्या आयाबाया मुलांना सांगत आल्या आहेत. श्रद्धेने ऐकलेल्या या कथेतूनच एक प्रश्न माझ्या मनात रुजला, तो असा की, जिच्यापासून अन्यायाची स्मृतीच काढून घेतली, तिच्या वात्सल्याला क्षमा म्हणता येईल काय? आणि जिला सर्व काही स्मरते, जी त्या स्मृतीसह ताठ उभी राहते व कोणाचीही क्षमा मागत नाही, अशी स्त्री चित्रपटाच्या पडद्यावर दिसली असता आपल्या अंतःकरणात जो आदर दाटून येतो, तो अधर्माकडे झुकणारा समजावा की धर्माकडे?

आपल्या शास्त्रकारांनी प्रायश्चित्ताचा विचार फार बारकाईने केला आहे. परंतु त्या साऱ्या विचाराच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि ते म्हणजे पाप घडलेले असले पाहिजे. जेथे पापच नाही तेथे केलेले प्रायश्चित्त हे पुण्य ठरत नाही. ते एक असत्य ठरते, कारण ते करणारा आपल्या आचरणाने खोटी साक्ष देतो. ही गोष्ट स्त्रीच्या बाबतीत आपण सोयीने विसरलो. घरात शांतता राहावी म्हणून, वडिलांचा मान राहावा म्हणून, चूक कोणाचीही असो, क्षमा मागावयाची ती सुनेने, असा जो अलिखित हुकूम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याने किती सत्यशील स्त्रियांना रोज खोटे बोलावयास लावले असेल, याचा हिशेब कोणत्या दप्तरात मिळणार? द्रौपदीने हा हुकूम मानला नाही. कौरवसभेत तिला आणण्यासाठी प्रातिकामी आला, तेव्हा तिने दयेची याचना केली नाही. तिने त्याला प्रश्न विचारून परत पाठविले की, राजा आधी स्वतःला हरला की आधी मला? म्हणजे तिने आधी अखत्याराचा मुद्दा काढला. जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार कोठून आला? भीष्मांसारख्या धर्मज्ञानेही धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून उत्तर टाळले. आणि माझ्या मते त्या सभेत धर्म कोणाच्या मुखाने बोलला असेल, तर तो त्या एकट्या प्रश्नकर्त्रीच्या.

मराठी बोलपटाच्या बाल्यावस्थेतच हा अखत्याराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी 1937 मध्ये ‘कुंकू’ काढला. त्यातील नीरा ही पोरकी मुलगी. मामाने पैशाच्या लोभाने फसवून एका वृद्ध विधुराशी तिचे लग्न लावले. आता एवढ्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे अश्रू, नशीब आणि पातिव्रत्य यांचे दर्शन घडविता आले असते. परंतु शांता आपटे यांनी उभी केलेली नीरा हे लग्नच मान्य करीत नाही. ती घरात राहते, अन्न खाते, मात्र पत्नी होत नाही, आणि त्याबद्दल तिच्या मुद्रेवर ओशाळेपणाची छटाही उमटत नाही. केशवराव दाते यांनी रंगविलेले ते वृद्ध काकासाहेब पेशाने वकील आहेत, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जन्मभर दुसऱ्यांच्या फिर्यादी आणि कैफियती वाचलेल्या त्या मनुष्याला आपल्याच माजघरात चाललेल्या खटल्यात आपण आरोपी आहोत हे उमगावयास अवघा चित्रपट खर्ची पडतो. आणि उमगते तेव्हा त्याला आपले जीवनच भार होते. नीरेने त्याला शाप दिला नाही की शिक्षा दिली नाही. ती केवळ विसरली नाही.

दोन वर्षांनी त्याच संस्थेच्या ‘माणूस’मधील मैना आली. ही भूमिका करणाऱ्या शांता हुबळीकर आमच्या कानडी मुलखातल्या, हुबळीकडच्या, याचा आम्हां सीमेवरच्या माणसांना आजही अभिमान वाटतो. गणपत नावाचा पोलीस शिपाई या वेश्येवर प्रेम करतो, तिला सभ्य संसारात आणू पाहतो. पुढे तिच्या हातून पिळवणूक करणाऱ्या मामाचा खून होतो, तेव्हा तो तिला कोठडीतून सोडवावयास सिद्ध होतो, आणि ती नकार देते. ज्यांना क्षमा न मागणे आणि उद्धटपणा यांत भेद दिसत नाही, त्यांनी मैनेचा हा नकार नीट पाहावा. तिने कृत्य केले, ते तिला स्मरते, त्याचे फळ ती भोगावयास तयार आहे. मात्र आपल्या जन्माबद्दल आणि आपल्या प्रेमाबद्दल ती कोणाकडे दयेचा अर्ज करीत नाही. आपल्या कर्माचे उत्तरदायित्व घेणे आणि आपल्या अस्तित्वाबद्दल क्षमा मागणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. पहिलीत मनुष्याचा मोठेपणा आहे, दुसरीत त्याचा ऱ्हास आहे.

राणी चन्नम्मेबद्दलच्या आमच्या आदरात मात्र हा पेच कधी आला नाही. 1824 मध्ये इंग्रजांशी झुंजलेली कित्तूरची ही राणी आमच्या जिल्ह्याचे भूषण, बी. आर. पंतुलू यांनी 1961 मध्ये काढलेल्या कानडी चित्रपटात बी. सरोजादेवींनी तिची भूमिका केली. तिच्या हातातील तलवारीने कोणाच्याही घरातील पुरुष अस्वस्थ झाला नाही, कारण ती तलवार परक्यावर उगारलेली होती. नीरेचा प्रतिपक्ष पाटावर जेवावयास बसलेला आहे. म्हणून तिच्याबद्दलचा आदर महाग पडतो, आणि म्हणूनच तो अधिक मोलाचा आहे.

या साऱ्या परंपरेतील सर्वांत कठीण प्रसंग ‘उंबरठा’मध्ये आहे असे मी मानतो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेल यांनी 1982 मध्ये चित्रपट केला, आणि स्मिता पाटील यांनी त्यातील सुलभा महाजन साकारली. पती पुन्हा वकील, घर सुखवस्तू, सासू स्वतः समाजकार्य करणारी. तरीही ही सून आपल्या लहान मुलीला जावेजवळ ठेवून दूरच्या एका महिलाश्रमाची अधीक्षक होऊन जाते. तेथे भ्रष्टाचार, सत्ताधाऱ्यांचे अत्याचार, आश्रमातील स्त्रियांची दैना हे सारे तिच्या वाट्यास येते. चौकशी होते, ती राजीनामा देते, घरी परतते, आणि पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे हे त्याच्याच तोंडून ऐकल्यावर ती पुन्हा बाहेर पडते. ‘पोटच्या पोरीला टाकून गेली’ हा आक्षेप तेव्हाही निघाला, आजही निघतो, आणि तो घेणाऱ्यांत सुज्ञ व मायाळू स्त्रियाही असतात. म्हणून तो झिडकारून चालणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, स्मिताबाईंच्या डोळ्यांत त्या मुलीविषयीचे दुःख अथांग आहे, पण अपराधभाव नाही. दुःख हे प्रेमाचे अंग आहे. अपराधभाव हा न्यायाधीशाने दिलेला निर्णय आहे. आई दुःखी आहे म्हणून ती दोषी आहे, असे अनुमान कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

शांतिपर्वातही एक सुलभा आहे. ती संन्यासिनी मिथिलेच्या जनकाच्या सभेत आली, योगबलाने त्याच्या चित्तात प्रविष्ट झाली, आणि मुक्त म्हणवणाऱ्या त्या राजाने तिला विचारले की, तू कोण, कोणाची, कोठून आलीस, आणि तुझे हे वर्तन आश्रमधर्मास व कुलधर्मास सोडून नाही काय? सुलभेने ओशाळून खुलासा केला नाही. निर्दोष वाक्य कसे असते येथपासून तिने प्रारंभ केला, आत्मा कोणाचाच नसतो हे सांगितले, आणि ज्याला अजून माझे-तुझे दिसते तो मुक्त कसा, असा प्रश्न शांतपणे त्याच्याच पुढे ठेवला. जनकाला त्यावर काही बोलता आले नाही. तेंडुलकरांच्या पटकथेतील नायिकेमागे ही संन्यासिनी जाणूनबुजून उभी केली होती की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. घराने विचारलेला जाब आणि राजाने विचारलेला जाब एकच आहे, आणि तो विचारणाऱ्याचा अखत्यार दोन्हीकडे सारखाच संशयास्पद आहे.

अलीकडे पडद्यावर एक निराळी धीट नायिका दिसू लागली आहे, जी शिवी देते, पिस्तूल चालविते, आणि पुरुषाच्या दुर्गुणांची नक्कल हेच स्वातंत्र्य समजते. तिच्याविषयी मला आदर वाटत नाही. तिला काहीच गमवावे लागत नाही, आणि ज्याची किंमत मोजावी लागत नाही ते धैर्य केवळ वेशभूषा होय. त्यापेक्षा 1985 च्या सुमारास दूरदर्शनवर प्रिया तेंडुलकरांनी रंगविलेली ‘रजनी’, जी गॅसच्या सिलिंडरसारख्या रोजच्या व्यवहारात दाद मागावयास संकोचत नसे, मला कितीतरी खरी वाटते.

परंतु आमच्या सीमाभागाचे खरे धन निपाणीत आहे. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ; 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तेथे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले, गोळीबारात शेतकरी बळी पडले, आणि ते आम्हां सर्वांस स्मरते. त्याच तंबाखूच्या वखारींत धुळीत बसून काम करणाऱ्या, खोकत घरी जाणाऱ्या, कमी मजुरी व वरिष्ठांचा जाच सोसणाऱ्या बाया त्याच सुमारास संघटित होत होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दीपा धनराज, नवरोझ काँट्रॅक्टर आदींच्या ‘युगांतर’ या चित्रगटाने त्यांच्यामध्ये राहून, महिनोन्‌महिने त्यांचे ऐकून, 1982 मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा जेमतेम 25 मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट केला. यात नटी नाही. कामगार बाया स्वतःच आपली जबानी देतात, आणि ती जबानी देताना त्यांच्या आवाजात विनवणी नसते. आपल्यावर काय झाले ते त्यांना तारीखवार स्मरते; कोण काय बोलले, मजुरी कशी कापली, हे सारे त्या सर्वांसमक्ष सांगतात. रेणुकेकडून जे हिरावून घेतले होते, ते त्या बायांनी सोडले नाही.

देवीच्या नावाने मुली सोडण्यास बंदी करणारा कायदाही कर्नाटकाने 1982 मध्येच केला. त्या प्रथेच्या पोटातली वेदना गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांनी कादंबऱ्यांत मांडली, आणि त्यांवरून 2009 मध्ये राजीव पाटील यांनी ‘जोगवा’ केला. केसांत जट निघाली म्हणून यल्लम्माला सोडलेली त्यातील सुली मुक्ता बर्वे यांनी उभी केली. सुली देवीचा द्वेष करीत नाही. आपल्या देहावर दुसऱ्याने लिहिलेला हुकूम देवीचा आहे, हे तेवढे ती मानीत नाही. भक्ताने देवाला मनुष्यांच्या सोयीपासून सोडवावे, ही माझ्या समजुतीप्रमाणे उपासनेचीच एक उंच पायरी आहे, आणि बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात अल्लमप्रभूंच्या प्रश्नांना निर्भयपणे उत्तरे देणाऱ्या अक्कमहादेवीने ती याच कानडी भूमीत चढून दाखविली होती.

आम्ही येळ्ळूरचे लोक क्षमा न मागण्याच्या या विषयात अगदीच अननुभवी नाही. ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असे लिहिलेला आमच्या वेशीवरचा फलक 2014 च्या जुलैत पाडला गेला, गावात लाठीमार झाला; आणि आपल्या भाषेबद्दल क्षमा मागावयाची नाही, हे तोवर पाळलेले व्रत गावाने त्यानंतरही सोडले नाही. ज्या गावाला आपले म्हणणे मांडण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही असे वाटते, त्याच गावातील सुनेने वा लेकीने आपले म्हणणे तसेच ताठ मानेने मांडले तर तिच्या पाठीशी उभे राहावयास आम्हांला अडचण का पडावी? हा प्रश्न मी माझ्या शेजाऱ्यांना विचारतो, कारण त्यांच्या सचोटीवर माझा विश्वास आहे.

निपाणीच्या बायांच्या त्या चित्रपटाची प्रत बर्लिनमधील एका चित्रसंस्थेने जतन करून नीट केली आणि परदेशांतील रसिकांनी ती पाहिली. येळ्ळूरला दर वर्षी ग्रामीण मराठी साहित्य संमेलन भरते. ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, कविसंमेलन रंगते. त्यातील एक सायंकाळ या 25 मिनिटांसाठी राखून ठेवावी, आणि त्या वखारींत राबलेल्या ज्या बाया आज हयात असतील त्यांना सन्मानाने व्यासपीठावर आणून, चित्रपट संपल्यावर भाषण त्यांना करू द्यावे, अशी माझी संयोजकांना सूचना आहे.