खडूने लिहिलेली नावं

शिकागोच्या रेड लाइनवर अ‍ॅडिसन स्थानक आलं की सामन्याच्या दिवशी डबा जवळजवळ रिकामा होतो. निळ्या टोप्या घातलेल्या आज्या, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, सगळे एकाच दिशेने निघतात. नवख्याला रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानाची वाट विचारावी लागत नाही. आत शिरल्यावर आधी काँक्रीटचा अंधारा बोळ लागतो. मग काही पायऱ्या, आणि एकदम समोर ऊन आणि हिरवंगार मैदान. आपल्या देवळात माणूस उजेडातून गाभाऱ्याच्या काळोखाकडे जातो. इथे वाट उलटी आहे, पण शेवटच्या पायरीवर पाय थबकतो तो तसाच.

ही जागा पवित्र म्हणावी का?

१९१४ साली हे मैदान उभं राहण्यापूर्वी इथे ल्युथरन पंथाचं धर्मशिक्षणाचं विद्यालय होतं. पाद्री घडवणारी संस्था दुसरीकडे गेली, जागेवर तिकीटखिडकी आली, आणि १९१६ पासून शिकागो कब्स हा संघ इथे खेळू लागला. रिग्ली हे नाव तर च्युइंगगमच्या कारखानदाराचं. तेव्हा पावित्र्य जमिनीतून आलेलं नाही. ते असलंच तर येणाऱ्या माणसांनी आणलेलं आहे.

कब्स १९०८ मध्ये वर्ल्ड सीरीजचे, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचे, विजेते ठरले, त्यानंतर थेट २०१६ मध्ये. मधे १०८ वर्षं. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे दुहेरी टाकेही १०८च असतात, आणि मराठी माणसाला जपमाळ आठवतेच. तो योगायोग तिथेच सोडावा. मोलाचं हे की पिढ्यान् पिढ्या हाती काही न लागता माणसं येत राहिली. एर्नी बँक्स हा या संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९५३ ते १९७१ तो कब्सकडूनच खेळला, ५१२ होमरन मारले, पण वर्ल्ड सीरीजचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. जानेवारी २०१५ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी संघ जिंकला.

या श्रद्धेला निष्काम म्हणण्याचा मोह आवरायला हवा. १९४५ मध्ये एका गुत्तेवाल्याला त्याच्या बोकडासह मैदानाबाहेर काढलं, म्हणून शाप लागला, असं लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले. २००३ मध्ये संघ वर्ल्ड सीरीजच्या उंबरठ्यावर असताना एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला, आणि त्या रात्री त्याला संरक्षणात बाहेर न्यावं लागलं. पुढच्या वर्षी तो चेंडू लोकांसमक्ष स्फोटाने उडवण्यात आला. फळाची आस सुटलेली नव्हती, म्हणूनच कुणीतरी दोषी हवा होता. जिंकल्यानंतर क्लबने त्या माणसाला विजेत्यांची अंगठी दिली. प्रायश्चित्त म्हणून ती फार उशिरा आली, पण आली.

२०१६ ची अंतिम लढत क्लीव्हलँडला झाली: दहावा डाव, मधेच पाऊस, ८-७. इकडे शिकागोत माणसं रिग्लीच्या विटांच्या भिंतीपाशी जमत होती. हातात खडू. विटेवर उभं राहून वाट पाहणारा देव आपल्या ओळखीचा; इथे लोक विटांवर वाट पाहत गेलेल्यांची नावं लिहीत होते. बाबा. आजी. थोरला भाऊ. हात पोहोचेल तिथवरच्या विटा भरून गेल्या.

चार्वाकांनी श्राद्धावर घेतलेला आक्षेप इथेही लागू पडतो. इथे वाढलेलं अन्न परलोकी पोहोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधावी? मेलेल्या बापाला विजयाची बातमी कळत नाही, हे खडू धरणाऱ्यालाही ठाऊक होतं, आणि आक्षेपाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण आपली आस आपली एकट्याची नव्हती, हेही त्याला ठाऊक होतं. लहानपणी ज्याने बोट धरून त्या पायऱ्या चढवल्या, त्याच्याकडून ती आली होती. ज्याची आस त्याचंच फळ, मग ते एकट्याने कसं घ्यायचं? पितृऋण हा शब्द न ऐकलेल्या माणसांनी ते ऋण भर रस्त्यावर मान्य केलं.

खडू टिकणारा नव्हताच. मैदानालगतच्या वेव्हलँड रस्त्याने फिरणाऱ्या नवख्याला आता नुसत्या तांबड्या विटा दिसतात, आणि त्यांच्या कडेने फाटकाकडे सरकणारी रांग.