आपल्या वाट्याचे कागद

तुकोबांच्या घरी सावकारी होती, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि पुढे सरकतो. मी मात्र तिथेच अडतो, कारण माझी सारी नोकरी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात गेली. १६२९-३०च्या दुष्काळात देहूच्या या महाजनाची बायको आणि मुलगा दगावले, व्यवहार बसला. पुढे त्यांनी येणे असलेल्या खतांची वाटणी केली; अर्धी धाकट्या कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. भावाच्या कागदांना त्यांनी हात लावला नाही. वैराग्य आपलं, त्याचा भार दुसऱ्याच्या संसारावर कशाला? आणि बुडवताना कुठला ऋणको प्रामाणिक, कुठला लबाड, अशी निवडही केली नाही.

आम्हाला तसं करता येत नव्हतं. पैसा ठेवीदारांचा, निवृत्त शिक्षकांचा, लेकीच्या लग्नासाठी साठवणाऱ्यांचा. माणूस पारखणं भागच होतं. अर्जात सातबारा, तारण, पगाराचा दाखला, दोन जामीनदार असे रकाने होते. रकान्याबाहेरचा प्रश्न संचालकांच्या बैठकीत तोंडी निघे: ‘माणूस कसा आहे?’

हा प्रश्न गरिबाच्याच अर्जावर निघतो, हे हळूहळू माझ्या ध्यानात आलं. भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई वीस हजार मागायला आली, की नवरा पितो का, भिशीचे हप्ते थकवले का, शेजारणीशी भांडते का, सगळं चघळलं जाई. ती तोवर दाराशी उभी. बागायतदार दहा लाखांसाठी आला की त्याला खुर्ची, चहा, आणि चौकशी फक्त क्षेत्राची. मजुरांचे पैसे तो किती रखडवतो, बहिणीकडून हक्कसोड कशी लिहून घेतली, हे गावाला ठाऊक असे. बैठकीत ते कुणी काढत नसे.

म्हणून ‘पैशावरून नव्हे, शीलावरून माणूस ओळखा’ असं कुणी म्हटलं की मला ते पटतं आणि भीतीही वाटते. श्रीमंताची सचोटी गृहीत धरायची आणि गरिबाला ती रोज सिद्ध करायला लावायची, असं असेल तर शीलाचा तराजूही पैशाच्याच हातात राहिला.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची हकिकत आठवा. पहिला प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठे उठवले होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि यंत्राशिवाय व्याज काढून दाखवतो म्हणाल्या. १९९७ साली बँक उभी राहिली. मला त्यांचा फार अभिमान आहे. पण तोंडी व्याज काढण्याची परीक्षा आपण कुठल्या धनवान प्रवर्तकाकडून मागतो?

मला वाटतं, शील खरं कळतं ते माणूस वरचढ असताना. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याचा संयम पुष्कळदा नाइलाज असतो; त्याच्या चुकाही नाइलाजाच्या असू शकतात. ज्याच्या मुठीत दुसऱ्याची नड आहे, तो काय करतो तिथे कस लागतो. तुकोबांच्या हाती लोकांची खतं होती, तीही अन्नान्न दशा झालेल्या काळात. उपाशी माणसाने दान केलं म्हणून ते थोर आहेतच; वसुलीचा हक्क हाती असलेल्या माणसाने तो सोडला, हे मला त्याहून मोठं वाटतं. म्हणून माणसाची चौकशी करायचीच, तर ज्याच्याकडे जास्त, त्याच्यापासून ती सुरू व्हावी.

आता मी गावच्या हरिनाम सप्ताहाच्या समितीत आहे. पत्रिकेत देणगीदारांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने छापतात आणि काल्याच्या दिवशी पहिला नारळ पहिल्या नावाला. रात्र रात्र वीणा घेऊन उभे राहणारे, पंगतीची भांडी घासणाऱ्या बायका, यांची नावं कुठेच नसतात. रकमा काढून टाकाव्यात, नावं वर्णानुक्रमे लावावीत आणि पहिला नारळ वीणेकऱ्यांना द्यावा, असं मी सुचवलं आहे. देणग्या आटतील, अशी काहींची शंका आहे. आटल्या तर पंगतीत बुंदीऐवजी गुळाचा शिरा करू, असं मी सांगितलं. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि तिथे मी तो पुन्हा मांडणार आहे.