धुराचे भागीदार

अग्नीला आपल्याकडे ‘पावक’ म्हणतात. पावक म्हणजे शुद्ध करणारा. या शब्दावर आपला एवढा विश्वास, की दिवाळीपूर्वीची झाडलोट आटोपली म्हणजे निघालेला केर परसात लोटून त्याला काडी लावताना मनाला काहीच खटकत नाही. पण जळलेला केर खरोखर नाहीसा होतो, की नुसताच दुसरीकडे जातो?

भवानीनगरच्या परिसरात हा प्रश्न काढला, तर एक उत्तर हमखास मिळेल. इथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याची चिमणी आहे. तोडणी झाली की उसाच्या फडात पाचट पेटते. त्यांच्यापुढे आमच्या टोपलीभर केराची काय मातब्बरी?

उत्तर बिनतोड वाटते, पण ते खरे नाही. कारखान्याच्या भट्टीत उसाचा भुसा प्रखर उष्णतेत जळतो. त्याचा धूर उंचावर सोडला जातो आणि त्यावर कायद्याची नजर असते. परसातला ढीग मात्र ओलसर आणि धुमसणारा. त्यात दुधाच्या पिशव्या, गोळ्यांची रिकामी पाकिटे, तुटक्या चपला, वायरींचे तुकडे. क्लोरीन असलेले प्लास्टिक असे धुमसले, की डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. ती राखेत उरतात, चाऱ्यावर बसतात, चाऱ्यातून दुभत्याच्या दुधातही उतरू शकतात. शिवाय हा धूर वर जात नाही. अंगणात खेळणाऱ्या पोराच्या नाकाशीच तो रेंगाळतो. पाचटाचे म्हणाल, तर तेही जाळण्यात शहाणपण नाहीच. जाळले की त्यातला नत्र उडून जातो. सरीत राहू दिले तर ते ओल धरते, तण दाबते आणि कुजून खत होते. दुसऱ्याच्या चुकीने आपली चूक धुतली जात नाही.

आपल्या आजीनेही केर पेटवला असेल. पण तिच्या केरात पालापाचोळा, काटक्या, भाजीची देठे. बरेचसे तर उकिरड्यावरच जाई आणि पुढे शेतात पडे. सवय जुनीच राहिली, केर मात्र नवा आला.

सरकारने 2016 च्या नियमांनी घरचा कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी पाच हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. पण दंडाच्या भीतीने विझलेली काडी अंधारात पुन्हा पेटते. खरा प्रश्न नीतीचा आहे. परसू माझे, केर माझा, काडीही माझी. पण वारा कोणाचा? शेजारच्या दमेकरी म्हाताऱ्याने खिडकी लावून घेतली, तर त्याच्या घुसमटीचा मालक कोण?

या मुलखाला हे समजावून सांगायला नको. एकेका शेतकऱ्याच्या चिमूटभर भागभांडवलातून सहकारी कारखाना उभा राहतो, हे इथे सर्वांनी पाहिले आहे. ‘माझ्या एकट्याने काय होणार’ असे म्हणून सहकार झाला नसता. मग धुराच्या बाबतीतच तो हिशेब का विसरावा? फरक इतकाच, की कारखान्याचा भागधारक स्वखुशीने सही करतो. धुराच्या भागीदाराला कोणी विचारतही नाही.

वाडीवस्तीवर घंटागाडी येत नाही, ही अडचण खरी आहे. ती ग्रामपंचायतीपुढे एकजुटीने मांडली पाहिजे. तोवर ओला केर उकिरड्यात, प्लास्टिक धुऊन-वाळवून पोत्यात आणि पोते भंगारवाल्याकडे, एवढे तर आपल्या हाती आहे. गाडगेबाबा (1876–1956) कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन गावच झाडून काढीत. स्वतःचे अंगण शेजाऱ्याच्या दारात लोटणे त्यांच्या झाडण्यात बसत नव्हते.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो आणि अलक्ष्मीला घराबाहेर काढतो. यंदा ती बाहेर पडल्यावर धूर होऊन कोणाच्या घरात शिरते, तेवढे मात्र दारात उभे राहून पाहावे.