शिवी कधी झिजते?

एखाद्या देशावर इतरांनी बहिष्कार टाकला की इंग्रजी अग्रलेखांत त्याला 'पारिया' म्हणतात. मराठी कानाला त्यात आपला 'पराया' ऐकू येतो आणि शब्द ओळखीचा वाटतो. पण त्याचं 'पराया'शी काही नातं नाही. तो तमिळ मुलखातल्या 'परैयर' या जातीच्या नावावरून गेला. 'परै' म्हणजे डफासारखं कातड्याचं वाद्य, ही त्याची रूढ व्युत्पत्ती. युरोपीयांनी तो उचलला. इथल्या साहेबांनी रस्त्यावरच्या कुत्र्यालाही तोच लावला आणि आकाशातल्या घारीलाही. आज तो लिहिणाऱ्या लंडनच्या संपादकाच्या मनात कोणाला दुखवण्याचा हेतू नसतो. मग या शब्दाची नांगी गळून पडली, असं म्हणायचं का?

चेन्नईत तसं म्हणता येत नाही. इथे हा शब्द तोंडावर फेकला, तर तो कोणासाठी आहे हे गल्लीतल्या पोरालाही कळतं. लंडनमध्ये तो निरुपद्रवी झाला, कारण ज्याला तो लागतो तो माणूस तिथे समोर नाही. याला झिजणं म्हणत नाहीत, विसरणं म्हणतात. आणि विसरण्याची सोय नेहमी शिवी देणाऱ्यालाच असते.

ज्यांच्यावर हा शब्द पडत होता त्यांनी काय केलं, ते अधिक शिकवणारं आहे. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली मद्रासमध्ये नियतकालिक काढलं आणि त्याचं नावच 'परैयन' ठेवलं. ज्या नावाने खाली दाबतात तेच नाव छापून विकायचं. अयोत्तिदास पंडितर यांना ही वाट मान्य नव्हती. हे नाव आमचं नाहीच, शत्रूंनी ते आमच्यावर लादलं, आम्ही मूळचे बौद्ध, असं त्यांचं म्हणणं. १९०७ मध्ये त्यांनी रायपेट्ट्याहून एक पैशाचं साप्ताहिक सुरू केलं, त्याच्या नावात शब्द होता 'तमिळन'. एकाने शिवी अंगरख्यासारखी घातली, दुसऱ्याने ती दारातूनच परत पाठवली. दोघांचाही मान राखावा असंच त्यांचं काम आहे. श्रीनिवासन पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसले.

तिसरी वाट सरकारची. १९२२ साली मद्रास सरकारने कागदोपत्री जुनी नावं बाजूला सारून 'आदि-द्रविड' हे नाव स्वीकारलं. ही मागणी त्या समाजातूनच आली होती, म्हणून तिला अर्थ होता. 'हरिजन'ची गोष्ट उलटी झाली. ते नाव वरून दिलेलं होतं, त्यात गोडवा होता आणि बरोबरी नव्हती. आंबेडकरांनी ते नाकारलं.

पण नाव बदलून काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केलं, की सरकारी नोंदींतून 'कॉलनी' हा शब्द काढून टाकला जाईल, कारण तो अस्पृश्यतेची खूण बनला आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे 'कॉलनीत राहतो' हे सांगताना मान जरा ताठच होते. तमिळ गावात मात्र 'कॉलनी' म्हणजे गावाबाहेरची दलित वस्ती. त्याआधीचा शब्द होता 'चेरी'. त्याचा मूळ अर्थ नुसता 'वस्ती'. पुदुच्चेरी म्हणजे नवी वस्ती. तो डागाळला, म्हणून जणू 'कॉलनी' आली, आणि तीही डागाळली. शब्द निर्दोष होते. वस्ती गावाबाहेरच राहिली, म्हणून प्रत्येक नवा शब्द तिथे जाऊन मळला.

तेव्हा शिवीचं बळ शब्दात नसतं, तिच्यामागे उभ्या असलेल्या परवानगीत असतं. बोलणाऱ्याला ठाऊक असतं, की आपण हे म्हटलं तर भोवतालचे लोक हसतील किंवा गप्प बसतील. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांदेखत केलेला असा अपमान गुन्हा ठरवला, तो या परवानगीवरच घाला होता. अक्षरं तीच राहिली, हसणाऱ्यांची खात्री थोडी डळमळली.

आपल्या घरचंही पाहू. साठच्या दशकात मुंबईत 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' घुमत होतं आणि 'मद्रासी' ही शिवी होती. १९९६ मध्ये मद्रासचं चेन्नई झालं, तरी आपला 'मद्रासी' तसाच राहिला. फक्त आता आपण तो हसत म्हणतो. ही शिवी झिजली का? की नोकऱ्यांचं भांडण दुसऱ्यांशी सुरू झालं आणि तिचं काम 'भय्या'कडे गेलं? इथे चेन्नईत बांधकामावरच्या उत्तरेकडच्या मजुराला 'वडक्कन' म्हणतात. शब्दशः अर्थ 'उत्तरेकडचा', इतकाच. तो कोणत्या सुरात म्हटला जातो, ते मजुराला विचारावं.

शिवी झिजू शकते, असं मला वाटतं. पण 'आता त्यात काही वाईट नाही' हा दाखला देण्याचा अधिकार ती वापरणाऱ्याकडे नाही. 'परै' आज चेन्नईच्या सभांत, महोत्सवांत अभिमानाने वाजते. कधीकाळी जिच्या स्पर्शाने विटाळ होई, ती शिकायला इतर जातींची मुलंही येतात. वाद्य गावात आलं आहे. वाजवणाऱ्याला त्याच गल्लीत भाड्याने घर मिळेल, त्या दिवशी त्याच्या नावाचा शब्दही नुसता शब्द होईल.